थोडं पाणी नको

नसीम, तू गेल्यापासून मला कुकरची भीती वाटायला लागली आहे. इतकी वर्षं रोज लावते आहे, आणि परवा पहिली शिट्टी व्हायच्या आधीच मी स्वयंपाकघरातून निघून अंगणात जाऊन उभी राहिले. घरच्यांनी विचारलं, काय झालं. काही नाही म्हटलं. सांगणार तरी काय? की माझ्या वाटची भीती इतकी वर्षं दुसरीच एक बाई वाहत होती, ती गेली, आणि आता ती भीती एकदम माझ्या अंगावर येऊन पडली आहे?

तू असतीस तर म्हणाली असतीस, "कुकरला कशाला भितीस? शिट्टीचं भोक साफ आहे का बघ, अन् मंग खुशाल भाकरी थाप." तुझं भिणं असं नेमक्या जागी असायचं. माझं तसं नाही. मला नुसतीच भीती वाटते, सगळीकडून, आणि कुठं बघावं ते कळत नाही.

म्हणून तुझ्याशी बोलायला बसले आहे. आपण दोघी मास्तरणी, बोलल्याशिवाय आपल्याला काही समजत नाही.

तू वडीगोद्रीजवळच्या आपल्या शाळेत विज्ञान शिकवायला आलीस तेव्हा मी तिथं मराठी शिकवत होते. दोघी अंबडच्या. सकाळची एसटी एक, संध्याकाळची एक. पहिले काही महिने तू मला मॅडम म्हणायचीस आणि मी तुला. मग एक दिवस तू डबा उघडलास, त्यात तुझ्या अम्मींनी केलेली खट्टी दाल होती, आणि मी न विचारता त्यात भाकरी बुडवली. तिथून आपण एकमेकींना नावानं हाक मारायला लागलो.

तू घाबरट होतीस. हे मी तुझ्या तोंडावर कितीदा म्हटलं आहे, म्हणून आताही म्हणते. गाडीत तू दाराजवळच्या सीटवर बसायचीस, लवकर उतरता यावं म्हणून. रॉकेलच्या स्टोव्हपासून हातभर लांब उभी राहायचीस. प्रयोगशाळा म्हणजे आपली एक लांबट खोली, तिच्यात दोन कपाटं, तरी तिथं तू वाळूच्या बादल्या भरून ठेवायला लावल्या होत्यास आणि काडेपेटी कुलपात ठेवायचीस. पोरांकडून तू एक वाक्य घोकून घ्यायचीस, आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. शिक्षकांच्या खोलीत सगळे तुझी थट्टा करायचे. मीही करायचे. एकदा मी विचारलं, एवढी भित्री बाई रसायनशास्त्राकडे वळलीच कशी? तू चिडली नाहीस. म्हणालीस, "मला माहीत आहे ना काय होऊ शकतं ते. तुम्हाला न्हाई माहीत, म्हणून तुम्ही सगळे बहादूर."

मी भाषेची बाई. सूत्रं माझ्या डोक्यावरून जायची. तरी एसटीत बसून तू मला जे सांगायचीस ते समजायचं. विरजण उन्हाळ्यात दुपारपर्यंत लागतं आणि थंडीत दुसऱ्या दिवशीसुद्धा पातळ राहतं, ते का. खडीसाखर चहात हळू विरघळते आणि पिठीसाखर लगेच, ते का. काडेपेटीतली काडी नुसती ठेवली तर वर्षभर निवांत पडून राहते, एकदा घासली की मग ती कुणाचं ऐकत नाही, ते का. तू म्हणायचीस, काही काही अभिक्रिया स्वतःच उष्णता बाहेर टाकतात, आणि त्या उष्णतेनं स्वतःचाच वेग वाढवतात. थोडी ऊब वाढली तरी वेग दुपटीनं वाढतो. उष्णतेला बाहेर जायला वाट असली तर ठीक. वाट नसली तर? असं विचारून तू खिडकीबाहेर बघत बसायचीस. मला वाटायचं, ही बाई शिकवता शिकवता स्वतःलाच भिववते आहे.

आता तो दिवस.

दिवाळी तोंडावर आली होती. शाळा सुटली, आपण फाट्यावर येऊन उभ्या राहिलो आणि एसटी आलीच नाही. ऊन चांगलं होतं. आपल्यासोबत कौसाबाई होत्या, फाट्याजवळच्या वस्तीवरच्या, आणि त्यांची सून मंगल, कडेवर तान्हं बाळ घेतलेली. पहिल्या वेचणीचा कापूस गाठोड्यात बांधून त्या अंबडला निघाल्या होत्या. बऱ्याच वेळानं वडीगोद्रीकडून दगडूभाऊंचा टेम्पो आला. दगडूभाऊ आपल्या ओळखीचे. गाडी चुकली की त्यांनी आपल्याला कितीदा तरी सोडलं होतं. पुढं त्यांच्या शेजारी सामान भरलेलं होतं, म्हणून आपण मागं चढायचं ठरलं.

मागं पोती होती. तू हात लावायच्या आधी विचारलंस, काय आहे. दगडूभाऊ म्हणाले, चुना, कळीचा, भट्टीवरून थेट. दिवाळीच्या रंगकामाला बाजारात चालला होता.

तुझा चेहरा मला अजून दिसतो. तू आभाळाकडे पाहिलंस. मग ताडपत्रीकडे. मग दगडूभाऊंना विचारलंस, ताडपत्री फाटकी तर नाही? ते म्हणाले, "नवी आहे म्याडम. चुन्याला पाणी लागू द्यायचं न्हाई, एवढं मला बी कळतं." तू तरी दोन्ही बाजूंच्या दोऱ्या ओढून बघितल्यास आणि मगच चढलीस. चढल्यावर सगळ्यात मागं, टेम्पोच्या मागच्या फाळक्याला टेकून बसलीस. मी हसले. कौसाबाईंनी कापसाचं गाठोडं पुढच्या पोत्यांवर, केबिनच्या पाठीशी लावून ठेवलं आणि त्याला टेकून डोळे मिटले.

पाऊस कुठून आला ते कळलं नाही. परतीचा पाऊस असाच येतो, पण त्या दिवशी वारा फार होता. थेंब ताडपत्रीवर आपटायला लागले तसं आत बोललेलं ऐकू येईनासं झालं. मंगलनं बाळ पदराखाली घेतलं. तू मात्र केबिनकडच्या कोपऱ्याकडे बघत होतीस. वाऱ्यानं तिथली दोरी सुटून बाहेर पडली होती, आतून हाताला लागण्यासारखी नव्हती. ताडपत्रीचा कान उडत होता, आणि तिथून पाण्याची एक बारीक धार कोपऱ्यातल्या पोत्यावर पडत होती.

मी म्हणाले, थोडंच पडतं आहे. तू म्हणालीस, "थोडं आहे म्हणूनच भीती वाटून राह्यली."

पोत्याचा रंग गडद झाला. त्यापलीकडे काहीच होत नव्हतं. मला हायसं वाटलं. तुला वाटलं नाही. तू माझ्या कानाशी तोंड आणून घाईघाईनं सांगितलंस, चुना कडक भाजलेला असला तर लगेच काही दाखवत नाही. पाणी पिऊन घेतो. आतल्या आत एक खडा तापतो, तो शेजारच्याला तापवतो, पोत्यातून उष्णता बाहेर जात नाही, आणि मग वेग वाढतो तो एकदम. भट्टीनं दगडाला जी उष्णता दिलेली असते त्यातली बरीचशी तो अशी परत देतो. मी विचारलं, किती तापतो? तू म्हणालीस, गोणपाट पेटायला पुरतो. आणि कापसाकडे पाहिलंस.

तू फाळक्यापासून उठून, पोत्यांवरून रांगत केबिनपर्यंत गेलीस आणि मागच्या पत्र्यावर मुठी मारायला लागलीस. दगडूभाऊंनी मागं न बघता ओरडून सांगितलं की पुढं ओढा आहे, पाणी चढायच्या आत फरशीचा पूल ओलांडू द्या, मग थांबतो. ते चूक नव्हते. त्यांना त्यांची भीती दिसत होती, तुला तुझी. मला त्या वेळी दोन्ही दिसत नव्हत्या.

ओढ्यापाशी आलो तेव्हा फरशीवरून गढूळ पाणी धावत होतं. दगडूभाऊंनी ब्रेक लावला. टेम्पो थांबला आणि त्याच वेळी तो आवाज आला. तापलेल्या तव्यावर पाण्याचा हबका मारल्यावर येतो तसा, फक्त थांबत नव्हता. कोपऱ्यातलं पोतं फुगत होतं. खरंच फुगत होतं, नसीम, जिवंत असल्यासारखं. शिवण उसवून त्यातून पांढरी वाफ निघायला लागली. ओल्या भिंतीचा वास येतो ना, तसा वास आला, पण गरम. मला उठायचं होतं आणि उठता येत नव्हतं.

तू ओरडलीस, "उतरा. जल्दी. मंगल आधी."

वाटेतल्या चढांवर पोती मागं सरकून फाळक्यावर दाबून बसली होती. दगडूभाऊ धावत मागं आले, पण कडी निघेना. मग तू मंगलला फाळक्यावरून खाली लोटलीच म्हण ना. दगडूभाऊंनी तिला झेललं. बाळ तू माझ्या हातात दिलंस, मी खाली मंगलच्या हातात. तेवढं काम माझ्या हातून नीट झालं, आणि ते तू सांगितलंस म्हणूनच झालं. मागं वळून बघते तर कापसाच्या गाठोड्याच्या खालून तपकिरी धूर येत होता, आणि कौसाबाईंनी त्यांची पाण्याची किटली उचलली होती.

तू त्यांचं मनगट धरलंस. "पाणी न्हाई मावशी. थोडं पाणी न्हाई. बिलकुल न्हाई."

"अगं पेटलंय ना ते!" कौसाबाई म्हणाल्या. त्या गाठोडं ओढायला वाकल्या. मी त्यांना धरायला पुढं झाले. आणि ते पोतं फुटलं.

त्यानंतर मला दिसलं काही नाही. पांढरं काहीतरी तोंडावर आलं आणि डोळ्यांत निखारे ठेवल्यासारखं झालं. मी किंचाळत असेन. कुणीतरी मला कमरेला धरून फाळक्यावरून खाली टाकलं, ती तूच. चिखलात पडले. डोळे चोळायला हात वर नेले तर तू ते हात धरून पिरगाळलेस. "चोळू नको. संध्या, चोळायचं न्हाई." तुझ्या पदराचं कोरडं टोक माझ्या कपाळावरून, भुवयांवरून, गालांवरून भराभर फिरलं. पूड झटकत होतीस तू. आणि मग मला ओढत नेलंस. शेताच्या बांधावरून पावसाचं पाणी खाली रस्त्याच्या चरात धोधो पडत होतं, तिथं. मला त्या पाण्याचा आवाज ऐकू आला.

नसीम, माझ्या आयुष्यात मी त्यापेक्षा जास्त कशालाही भ्याले नाही. आत्ता आत्ता तूच ओरडून सांगितलं होतंस की पाणी नाही. पाण्यानं ते पेटतं. आणि माझे डोळे त्यानं भरलेले असताना तू माझं डोकं पाण्याखाली धरत होतीस. मी तुला लाथा मारल्या. तुझ्या हाताला चावले. ओरडत होते, पाणी नको, तूच म्हणालीस ना, पाणी नको.

तू माझ्या कानात म्हणालीस, "थोडं नको म्हणलं होतं. आता भरपूर पाहिजे."

आणि बोटांनी माझ्या पापण्या फाकवून धरल्यास. एक डोळा, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. तुझे हात इतके थरथरत होते की मला ते माझ्या कवटीत जाणवत होते. तू रडत होतीस. एकदा अल्लाचं नाव घ्यायचीस, एकदा म्हणायचीस, अजून, अजून. मी सुटायला बघत होते तेव्हा माझ्या गुडघ्यांवर कुणीतरी जड येऊन बसलं. कौसाबाई होत्या त्या. त्यांचा कापूस मागं जळत होता, त्यांच्या पायाला भाजलं होतं, आणि त्या माझ्या गुडघ्यांवर बसून म्हणत होत्या, "धू तू, बाई. मी हिला हालू देत न्हाई."

किती वेळ, मला माहीत नाही. दुखणं कमी झालं, मी म्हटलं, आता पुरे. तू थांबली नाहीस. मी हात जोडले. तू थांबली नाहीस. पावसात एक गाडी जळते आहे आणि तिच्याकडे पाठ करून चार माणसं एका बाईचे डोळे धूत आहेत, हे बघायला जवळच्या वस्तीवरची माणसं आली होती, असं दगडूभाऊ नंतर सांगायचे. पाऊस पडेल तशी ती गाडी जास्त तापत होती. शेवटी नुसता सांगाडा राहिला. दगडूभाऊंनी तुला एकदा विचारलं होतं, तशीच ओढ्यात घातली असती तर विझली असती का. तू म्हणालीस, विझली असती, आणि तुम्ही वाहून गेला असता. पुढं ते दुसऱ्याची जीप चालवायला लागले. आपण दिसलो की थांबायचे मात्र.

वडीगोद्रीच्या डॉक्टरांनी परत डोळे धुतले, आणि दुसऱ्या दिवशी जालन्याला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, आधी कुणी धुतले? तू कोपऱ्यात उभी होतीस. ते म्हणाले, ज्यांनी धुतले त्यांच्यामुळे हे डोळे राहिले. उजवा पुरता वाचला. डाव्यावर धुक्याचा पातळ पडदा राहिला, तो आजही आहे. हे लिहिताना डावा मिटून घेतला आहे.

आपण बाहेर आलो आणि दवाखान्याच्या पायरीवर तू ओकलीस. मग बसून राहिलीस. तुझ्या दंडावर माझ्या दातांचे वण निळे पडले होते. मला बोलायचं होतं. तू हात वर करून मला गप्प केलंस.

तो हात तू कायमचाच वर ठेवलास. मी जेव्हा जेव्हा त्या दिवसाबद्दल उपकाराचं काही बोलायला गेले, तू विषय बदललास. झेंडावंदनाच्या दिवशी शाळेनं तुला शाल-नारळ दिला. हेडसर म्हणाले, शेख मॅडमच्या धाडसामुळे. तुला दोन शब्द बोलायला सांगितलं. तू उभी राहिलीस, म्हणालीस, "मी धाडस केलं न्हाई. मी घाबरले होते, म्हणून आधीपासून बघत होते," आणि बसलीस. टाळ्या वाजवायच्या की नाही ते पोरांना कळेना.

तिथून आपला वाद सुरू झाला. एसटीत, शिक्षकांच्या खोलीत, तुझ्या घरी ईदेला, माझ्या घरी फराळाला. माझं म्हणणं, भीती मलाही वाटली, पण मी दगड होऊन बसले आणि तू हललीस. म्हणजे तुझ्यात भीतीपेक्षा वेगळं काहीतरी होतं, आणि त्याला धाडसच म्हणतात. मी मराठीची बाई आहे, शब्द मला ठरवू दे. तुझं म्हणणं, शब्द चुकला आहे. एकदा तू फार शांतपणे सांगितलंस, "तुला उशिरा भीती वाटली, म्हणून सगळी एकदम वाटली. मला आधीपासून थोडी थोडी वाटत होती. ती वापरता येते."

मी ते मान्य केलं नाही. आजही नाही केलेलं. माझ्याकडे उत्तर होतं आणि आता ते ऐकायला तू नाहीस. माझं उत्तर असं होतं, की तू त्या ओढ्यापाशी थोडी थोडी भ्यालेली नव्हतीस. तुझे हात मला आठवतात. तू माझ्याइतकीच भ्यालेली होतीस, आणि तरी माझ्या पापण्या सोडल्या नाहीस. याला काय म्हणायचं ते सांग. सांग ना.

त्यानंतरची वर्षं मी किती निवांत काढली ते मला आत्ता कळतं. घरी गॅस आला तेव्हा तू येऊन नळी वाकवून बघितलीस, साबणाचं पाणी लावून गळती तपासलीस. माझ्या मुलीच्या शाळेच्या सहलीची बस तू स्वतः जाऊन बघून आलीस, टायरांसकट. मला हसू यायचं. आता वाटतं, मी कधी काही तपासलं नाही, कारण तू तपासून ठेवलेलं असायचं. दर वर्षी नववीच्या वर्गात चुन्याचा प्रयोग तू स्वतः करायचीस, पोरांना लांब बसवून. बशीत चुन्याचा खडा, त्यावर थोडंसं पाणी. वर्ग वाट बघायचा. काही होत नाही, मॅडम, असं पोरं म्हणायची. "थांबा," तू म्हणायचीस. मी कधी कधी दारात उभी राहून बघायचे. खडा तडकायचा, वाफ निघायची, पोरं ओरडायची. तू हसायची नाहीस.

तुझी कावीळ आधी आम्ही मनावरच घेतली नाही. पथ्य कर, उसाचा रस पी, होईल बरं, असंच सगळे म्हणालो. तू मात्र पहिल्या दिवसापासून भ्यालीस. रक्ताचे रिपोर्ट एकाशेजारी एक मांडून बघायचीस. मला म्हणालीस, आकडा किती आहे त्याला मी भीत नाही, तो कसा वाढतो आहे ते बघ. मी म्हटलं, तू प्रत्येक गोष्टीत तेच बघतेस. तुझ्या भावानं तुला औरंगाबादला नेलं तोवर तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. लिव्हर, असं डॉक्टर म्हणाले. आणि मग सगळं इतक्या वेगानं झालं की मला एकेक दिवस वेगळा आठवत नाही.

शेवटच्या दुपारी मी तुझ्यापाशी होते. तुझा भाऊ औषधं आणायला गेला होता. तू जागी होतीस. मध्येच हरवायचीस, मध्येच लख्ख असायचीस. लख्ख असताना तू म्हणालीस, "संध्या, मला भीती वाटून राह्यली."

मी म्हणाले, काही होत नाही, आठवड्यात घरी जाऊ.

तू मान दुसरीकडे केलीस. मग परत माझ्याकडे. "सगळे खोटं बोलून राह्यले. तू तरी नको बोलू."

मला खरं बोलता आलं नाही, नसीम. बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणीतरी स्ट्रेचर ढकलत होतं, त्याचं चाक कुरकुरत होतं. मी म्हणाले, "मला पण वाटते." एवढंच मला जमलं, आणि तुझा हात धरून बसणं. तू डोळे मिटलेस. मला वाटलं, तुझ्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली. वाटलं असेल. माझ्या डाव्या डोळ्याचा काय भरवसा.

तुला सांगायचं ते सांगायला आणखी थोडा वेळ मिळाला होता. तू हात वर करून मला थांबवू शकणार नव्हतीस, एवढी ताकद तुझ्यात राहिली नव्हती. तरी मी ते बोलले नाही. तुला आवडलं नसतं. म्हणून इथं लिहिते. उजव्या डोळ्यानं मी माझ्या मुलीचं लग्न पाहिलं. कपाशीची फुलं सकाळी पांढरी असतात आणि संध्याकाळी गुलाबी होतात, ते दर वर्षी आपल्या रस्त्यावर पाहिलं. पोरांच्या वह्या तपासल्या. तुला पाहिलं. हे सगळं तुझं आहे. आता बदल विषय.

तुला घेऊन पुरुषमंडळी कब्रस्तानात गेली आणि आम्ही बायका घरात बसलो. अम्मी भिंतीला टेकून बसल्या होत्या. येणारी प्रत्येक बाई त्यांना सांगत होती की नसीम सुकून से गई, चेहरा कसा शांत होता, तकलीफ झालीच नाही. अम्मी प्रत्येकीला मान हलवून होकार देत होत्या. मी त्यांच्याजवळ सरकले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांना माहीत होतं की त्या दुपारी तुझ्यापाशी मी होते.

हळू आवाजात त्यांनी विचारलं, "डरी थी क्या वो?"

मला भीती वाटली. अम्मींचं वय, त्यांची छाती, तुझ्या वहिनीनं माझ्याकडे वळवलेली नजर. सोपं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं, बाकीच्या बायकांनी दिलं होतं तेच.

मी म्हणाले, "हां अम्मी. डरी थी. बहोत डरी थी."

खोलीतली कुजबुज थांबली. मग त्यांनी विचारलं, "हात पकडने कू कोई था?"

"मैं थी. आखिर तक."

अम्मींनी माझा हात ओढून घेतला. तळवा उघडून बघितला, पालथा करून बघितला, आणि मग दोन्ही हातांनी धरून आपल्या डोळ्यांवर दाबून ठेवला.